मशीनच्या दारात तू सांगितलेलं नाव

आत्या, आपल्या घराला तेव्हा मोरी नव्हती. मागच्या भिंतीला लागून बांबू रोवले होते, त्यांना गोणपाट ताणलं होतं, तीच मोरी. गोणपाटाला भोकं पडलेली आणि पलीकडं लगेच भागाकाकूचं अंगण. बाबा पूर्णेच्या मोंढ्यात हमालीला जायचे, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला. तू तुझे मालक, म्हणजे आमचे मामा, वारल्यावर एक पत्र्याची पेटी घेऊन सासरहून भावाच्या दारात परत आलेली. शाळेत पोरांची खिचडी शिजवायचीस. गावात आपल्या समाजातल्या बाईच्या हातचं सगळ्या आळ्यांची लेकरं खायला लागली ती तुझ्यापासून, आणि सुरुवातीला काही लेकरं घरून डबा आणायची तेही तू पाहिलंस. एक दिवस डबे बंद झाले. तू त्याचं कधी काही बोलली नाहीस, पण त्या दिवशी घरी येऊन गूळ घालून चहा केलास.

त्या गोणपाटाच्या आड तू पहाटे पाळीची धडपी धुवायचीस. तुझं अंगावरून जाणं सुरू झालं की थांबायचं नाव घ्यायचं नाही. धुतलेली धडपी लुगड्याखाली लपवून वाळत घालायचीस, ती दमटच राहायची, तीच परत घ्यायचीस. चुलीपुढं उभं राहिलं की डोळ्यापुढं अंधारी यायची. हेडमास्तरांनी विचारलं तर तू म्हणायचीस, धूर लागला. घरात आम्ही सगळे हे बघत होतो आणि कुणी काही म्हणत नव्हतं. बाईच्या जातीला हे असतंच, असं आई म्हणायची. आईलाही कुणीतरी तेच सांगितलं असणार.

मग तुझं पोट दिसायला लागलं.

गावात विधवेचं पोट म्हणजे काय हे तुला मी सांगायची गरज नाही. बाकी अंग वाळत चाललेलं, गाल बसलेले, आणि पोट तेवढं वर. तू पदर पुढं घ्यायला लागलीस. मग उन्हाळ्यातसुद्धा अंगावर शाल. हापशावर भागाकाकू सगळ्यांसमोर म्हणाली, "गया, माहेरचं जेवण लय मानवायलंय गं तुला." आणि तू घागर उचलत म्हणालीस, "तुझ्या घरचं तर खात न्हाई ना." बाया हसल्या. तू ताठ चालत आलीस, घागर उतरवलीस आणि उंबऱ्यावर बसलीस ती बराच वेळ उठली नाहीस. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आपल्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि मला वाटायचं की मला सगळ्या गोष्टींची उत्तरं कुठं मिळतात ते माहीत आहे.

पूर्णेच्या डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, गाठ लागते हाताला, सोनोग्राफी करा. इथंच तर सगळं अडलं. तू घरी येऊन सांगितलंस, "म्या न्हाई जायची."

"कामून?"

"तिथं कोन जातंय पोरी? पोटुशा बाया जातेत. म्या त्या बाकड्यावर बसलेली कुणी बगितली की मंग ठरलंच."

मी म्हणाले, सोनोग्राफी म्हणजे काही फक्त गरोदर बाईची तपासणी नव्हे. मूतखड्याची होते, पित्ताशयाची होते. तू म्हणालीस, "हे तू शिकलेली म्हनून तुला ठावं. गावाला ठावं हाय का?" नाही गेलीस तर पोट वाढत होतं आणि लोक बघत होते. गेलीस तर लोकांना पुरावाच मिळत होता. तिकडं शाळा समितीतल्या एकानं हेडमास्तरांना सुचवलं होतं की बाईला काही दिवस घरी बसवा, लेकरांचे आईबाप कुजबुजतात. ती चूल गेली असती तर तुझ्याकडं तुझं म्हणावं असं काय राहिलं असतं? या घरात तू कधी हक्कानं दुसरी भाकरी मागितली नाहीस. तुझी ताठ मान त्या चुलीमुळं होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

तोड आईनं काढली. आईनं गळ्यातलं काळ्या मण्यांचं डोरलं काढलं आणि तुझ्या हातात ठेवलं. "आक्का, हे घाला. माजं नाव सांगा. नवरा हाय, लेक हाय, पोट हाय. कोन काय म्हनंल?" आई शाळेत गेली नव्हती, आणि इतक्या सहज तिनं स्वतःचं सौभाग्य उसनं दिलं. परभणीला आपल्याला ओळखणारं कुणी नाही, म्हणून परभणी ठरली.

चुडाव्याच्या स्टेशनवर तू डोरलं पदराखाली ठेवलं होतंस. गाडी पूर्णेच्या पुढं गेल्यावर बाहेर काढलंस. मी तुझ्याकडं बघत होते हे तुला कळलं, पण तू खिडकीबाहेर बघत राहिलीस. मण्यांवरून तुझं बोट फिरत होतं. मामा जाऊन इतकी वर्षं झाल्यावर गळ्यात परत काळे मणी, तेही भावजयीचे. तुला काय वाटत होतं ते मी विचारलं नाही. आता विचारावंसं वाटतं, आणि आता काय उपयोग.

सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात पाटी होती, इथं गर्भलिंग तपासणी होत नाही. तिच्याखाली बाकडं, बाकड्यावर सगळ्या पोटवाल्या पोरी आणि त्यांच्या सासवा. पाणी पीत बसायचं, लघवी दाटली की आत घेणार. खिडकीतल्या पोरीनं नाव विचारलं. तू म्हणालीस, "शांताबाई." वय सांगितलंस. मग तिनं विचारलं, "मिस्टरांचं नाव?"

तुझं तोंड उघडेना. त्या जागी सांगायचं नाव तुझ्या सख्ख्या भावाचं होतं. घरून निघताना हे आपल्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, आईच्याही नाही. पोरीला वाटलं, जुन्या चालीची बाई आहे, नवऱ्याचं नाव घेत नाही. ती हसून म्हणाली, "घ्या की मावशी, लाजताय काय एवढं? उखाण्यात घ्या हवं तर." सगळं बाकडं हसलं. एका सासूनं तर, "घ्या, घ्या, आमी बी ऐकू," असं म्हणून पदर तोंडाला लावला. मीच पुढं होऊन माझ्या बापाचं नाव सांगितलं. "तुम्ही मुलगी का?" "हो." लिहून झालं.

आत डॉक्टरांनी तुझ्या पोटावर तो गारगार चिकट पदार्थ लावला आणि हातातलं यंत्र फिरवलं. पडद्यावर करडं करडं, त्यात काळपट गोल, त्याच्या शेजारी दुसरा, खाली तिसरा. डॉक्टर म्हणाले, "मावशी, घाबरू नका. गर्भाच्या पिशवीच्या भिंतीत जो स्नायू असतो ना, त्याच्याच गाठी आहेत. हजारो बायकांना असतात. कॅन्सर वाटत नाही." तू मान वळवून पडद्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "शाळेतल्या पोत्यातले बटाटे बगावं तसं दिसायलंय." ते हसले. मग गंभीर होऊन म्हणाले की एक मोठी गाठ बाजूला लोंबल्यासारखी आहे, ती पिशवीची की अंडाशयाची हे यात पक्कं कळत नाही, एमआरआय करून घ्या. आणि जाता जाता म्हणाले, "पिशवी पाच महिन्यांच्या पोटाएवढी झालीय."

बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "बग, डागतरबी महिनेच मोजायलाय."

परतीच्या गाडीत मी रिपोर्ट वाचत होते. त्यातला इंग्रजी शब्द, लायोमायोमा, मी मोबाईलवर बघून घेतला आणि तुला मराठीत समजावला. स्नायूची साधी गाठ, अंगात पसरत नाही, पण रक्त फार जातं, म्हणून अंधारी येते. तू सगळं ऐकलंस. "म्हंजे पोटात काय हाय ते कळलं," म्हणालीस, "पन ते शांताच्या पोटात हाय." आणि जरा वेळानं, "एका दिवसात नवरा मिळाला, लेक मिळाली." तू हसलीस, पण त्या हसण्याकडं बघवेना. मी तुझा हात धरला तर तू तो सोडवून घेतलास, खिडकीची काच खाली करायला.

एमआरआयला आपण परत तशाच गेलो. तेच डोरलं, तेच नाव. तिथं यंत्रावर एक बाई होत्या. त्यांनी तुला सगळं धातूचं काढायला लावलं. बांगड्या, पिन, डोरलं. या यंत्रात लोखंड चालत नाही, चुंबक ओढतं. तू डोरलं काढून माझ्या ओंजळीत टाकलंस. गळा मोकळा झाला. मग आत घेण्याआधी त्या बाईंनी दारातच विचारलं, "मावशी, पूर्ण नाव सांगा." त्यांचा तो नियम होता, कागदावर नाव असलं तरी प्रत्येक माणसाला दारात तोंडानं सांगायला लावायचं, म्हणजे एकीची तपासणी दुसरीच्या नावावर जात नाही.

मी बाहेरच्या खुर्चीजवळ उभी होते. मला वाटलं तू अडखळशील, म्हणून मी पुढं झाले. तू मला हातानं थांबवलंस. आणि शांतपणे म्हणालीस, "गयाबाई किसनराव."

किसनराव. मामांचं नाव तुझ्या तोंडून मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

त्या बाईंनी कागद बघितला. "इथं तर शांताबाई लिहिलंय." तू म्हणालीस, "ती माजी भावजय. पोट माजं हाय." त्या बाई चिडल्या नाहीत. पण त्यांनी सांगितलं की अशी तपासणी मी करू शकत नाही, उद्या ऑपरेशन झालं तर कोणाचं होणार? नवीन कागद आणा, नवीन तारीख घ्या. दिवस वाया गेला. मी बाहेर येऊन तुझ्यावर खूप चिडले. "एवढं जमलं होतं, आता परत पहिल्यापासून. आधी सांगायचं होतंस." तू म्हणालीस, "आदी कुठं ठावं व्हतं मला? गळ्यातलं काडलं आन तोंडातून तेच निगालं." मग स्टेशनपर्यंत तू माझ्यापुढं चालत राहिलीस. डोरलं माझ्या पर्समध्ये होतं. तू ते परत घातलं नाहीस. घरी आईनं ते तुझ्यापुढं परत धरलं तरी नाही.

पुढच्या खेपेला चुडाव्याच्या फलाटावर भागाकाकूचा जावई भेटला. "कुठं आत्याबाई?" तू म्हणालीस, "परभनीला. पोटाचा फोटू काडायला." मी मान खाली घातली. तू नाही घातलीस.

त्या यंत्रातून बाहेर आल्यावर तू मला काय सांगितलंस ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं होतं त्या अरुंद नळीत तू घाबरशील. तू म्हणालीस, "पत्र्यावर गारा पडल्यागत आवाज. पन बरं वाटलं गं. भायेरून कुणीच बगत नव्हतं. आतून बगायलेत, ते बरं." आणि मला तेव्हा कळलं की गेलं वर्षभर तू उघड्यावर राहूनही कोंडलेली होतीस, आणि सुटल्यासारखं वाटलं ते एका नळीत.

गाठी सगळ्या पिशवीच्याच निघाल्या. ती लोंबणारीसुद्धा देठानं पिशवीलाच धरून होती. फिल्म उजेडाला धरून डॉक्टरीणबाईंनी तुला दाखवलं, हे अंडाशय, हे इथं वेगळं, त्याला काही नाही. तू विचारलंस, "काडल्यावर परत येतेत का?" त्या म्हणाल्या, नुसत्या गाठी काढल्या तर येऊ शकतात, पिशवीच काढली तर येत नाहीत, विचार करून सांगा. तू तिथंच सांगितलंस, काढा. रक्त चढवावं लागलं, बाबांनी दिलं. तेवढंच बाबांना कळलं होतं, की बहिणीला रक्त लागतंय.

आता आपलं भांडण. ते अजून मिटलेलं नाही, आत्या, आणि तू गेलीस म्हणून मी माझी बाजू सोडणार नाही.

तू सपाट पोटानं गावात आलीस आणि आठवड्याच्या आत हापशावर ठरलं की गया परभणीला जाऊन पाडून आली. पोट होतं तेव्हा एक, पोट गेलं तेव्हा दुसरं. मला राग आवरेना. मी रिपोर्ट, फिल्म, काढलेल्या पिशवीच्या तपासणीचा कागद, सगळं कापडी झोळीत भरलं आणि म्हणाले, चल, शाळा समितीपुढं ठेवू. हवं तर विहारात रविवारच्या वंदनेनंतर उभी राहून मी वाचून दाखवते. मला लिहितावाचता येतं ते कशासाठी?

तू भाजी निवडत होतीस. "ठिव ते पेटीत."

"आत्या, लोक काय म्हणायलेत ते ऐकलंस का?"

"कान हायेत मला."

"मग पुरावा असून गप्प कामून बसायचं?"

"आज म्या कागुद दावला की उद्या दुसरीला बी मागतील. जिच्याकडं कागुद न्हाई तिनं काय करावं?"

"पण तुझ्याकडं हाय ना."

"म्हनूनच दावत न्हाई."

मी तेव्हा म्हणाले होते की हा अडाणीपणा आहे. तू म्हणालीस, "व्हय, असंल," आणि पुढची जुडी सोडवायला घेतलीस. आजही मला वाटतं की दाखवायला हवं होतं. खोटं बोलणाऱ्याला गप्प करता येतं तेव्हा करावं. तुझ्या त्या न दाखवण्यानं तू कायमची अर्धी गुन्हेगार राहिलीस. लग्नात तुला पुढं बोलवायचं की नाही यावर बाया एकमेकींकडं बघायच्या, ते मला दिसायचं. तुलाही दिसायचं. पण तू म्हणालीस ते वाक्य मला खोडताही येत नाही. किती जणींशी वाद घातला, कॉलेजातल्या मॅडमशीसुद्धा. त्या म्हणाल्या, तुझ्या आत्याचं बरोबर आहे. मी त्यांच्याशीही भांडले.

समितीतला तो माणूस तुला घरी बसवणार होता, ते झालं नाही. तू टाके वाळले तशी सरळ शाळेत गेलीस आणि चूल पेटवलीस. हेडमास्तर म्हणाले, "गयाबाई, अजून काही दिवस..." तू म्हणालीस, "लेकरं जेवली का?" ती जेवली नव्हती. कुणीच तुझ्या हातातून डाव काढून घेतला नाही. तुझ्यापुढं उभं राहून काय कारण सांगणार होते?

आणि भागाकाकू. बऱ्याच वर्षांनी तीच एका दुपारी मागच्या दारानं आली. तिचंही अंगावरून जायला लागलं होतं. तिच्या सुना घरात होत्या, तरी ती तुझ्याकडं आली. "गया, तू कुठं गेलतीस गं?" तू तिला एका शब्दानं काही ऐकवलं नाहीस. मी ऐकवलं असतं. तू तिला परभणीला नेलंस, बाकड्यावर शेजारी बसलीस, पाणी पाजलंस. तिच्याही तशाच गाठी होत्या, लहान, गोळ्यांवर भागलं. म्हणजे तुझ्या पोटात काय होतं ते भागाकाकूला तेव्हापासून नक्की ठाऊक होतं. गावात ती कधी बोलली नाही.

आता बोलते. परवा विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाला सगळे जमले होते. वंदना झाली, लोक तुझ्याबद्दल दोन शब्द बोलले. भागाकाकू डोळे पुसत म्हणाली, "पोटातल्या त्या गाठींनीच नेली बिचारीला." सगळ्यांनी माना हलवल्या. मी बघत राहिले. जिवंतपणी जी गाठ कुणी मानली नाही ती आता सगळ्यांनी मानली, कारण आता ती मानायला सोपी झाली. तुझं काळीज बंद पडलं, आत्या. त्या गाठी तुझ्या पोटातून कधीच्या गेल्या होत्या, आणि होत्या तेव्हाही त्या जीव घेणाऱ्या नव्हत्या. मी उठून हे सांगितलं. स्पष्ट सांगितलं. मग मला तुझ्या पेटीतला कागद आठवला आणि मी खाली बसले. तू असतीस तर माझा पदर ओढला असतास.

बाबा हे वाचतील, आई त्यांना थांबवू शकणार नाही. परभणीत एकदा आपली बहीण आपली बायको म्हणून लिहिली गेली होती हे त्यांना आज कळेल. त्यांना वाईट वाटेल. वाटू दे. तुझं तोंड त्या खिडकीपुढं उघडत नव्हतं, ते या घरातल्या एका तरी पुरुषाला माहीत असावं असं मला वाटतं.

आज माझ्या नावापुढं पदवी आहे, नोकरी आहे, घराला पक्की मोरी आहे. मोरीचं दार तू बसवून घेतलंस, सुताराला दोनदा परत पाठवून, फटी बुजेपर्यंत. मला शिकवलं कुणी असं कुणी विचारलं तर मी तुझं नाव सांगते, शाळेचं नंतर. तुला हे मी तोंडावर कधी म्हटलं नाही. भांडायला मात्र तोंड होतं.

ऑपरेशन गयाबाई किसनराव या नावानं झालं. गाठी साध्या निघाल्या. रक्त जायचं थांबलं. त्यानंतर तू शेवटपर्यंत त्या शाळेत स्वयंपाक केलास आणि गावातल्या सगळ्या आळ्यांची लेकरं तुझ्या हातचं जेवली.